होजिअरीचं कापड घरच्या मशीनवर: सुईपासून इंटरलॉकपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दिवाळी आटोपली की कबड्डीचे सामने लागतात. एका वर्षी गावच्या पोट्ट्यांनी निळं लायक्राचं कापड आणून माझ्यासमोर ठेवलं. "काकू, १२ चड्ड्या पाह्यजेत, आठ दिवसांत." तोवर मी ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, पंजाबी ड्रेस शिवत आले होते. नेहमीच्या काळ्या पाय मशीनवर, ब्लाऊजच्याच सुईनं आणि सुती दोऱ्यानं चड्ड्या शिवून दिल्या. पहिल्याच सामन्यात आमचा गडी चढाईला गेला, निदान रेषेकडं पाय लांबवला आणि आसनाची, म्हणजे दोन्ही पाय जिथं जोडतात तिथली, टीप वरपासून खालपर्यंत उसवली. कापडाला काहीच झालं नव्हतं. दोरा मात्र जागोजागी तुटला होता.

त्या रात्री मी ती चड्डी आणि बाजारातून आणलेली तयार ट्रॅक पँट शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तयार पँटची शिवण ओढली की कापडाबरोबर लांब व्हायची आणि सोडली की जागेवर यायची. माझी शिवण ओढली की कट्कन आवाज यायचा. कापड जितकं ताणतं तितकीच शिवणही ताणली पाहिजे, हे तिथं कळलं. सुई, दोरा, टाका, मशीन, पुढं जे काही सांगते ते सगळं याच्यासाठीच आहे. नवं मशीन घ्यायच्या आधी हे समजून घ्या, कारण निम्मं काम तुमच्या घरी आज जे मशीन आहे त्यावरही होतं.

कापड ओळखणं

साडी, पॉपलीन, खादी यांत उभं आणि आडवं सूत एकमेकांत गुंतवलेलं असतं. होजिअरीत तसं नसतं. स्वेटर विणताना फंद्यात फंदा घालतो तसंच ते कापड मशीनवर विणलेलं असतं. फंदा ओढला की पसरतो, सोडला की मिटतो. लायक्रा त्याहून वेगळी गोष्ट आहे. ते रबरासारखं ताणणाऱ्या धाग्याचं कंपनीनं दिलेलं नाव, १९५८ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो धागा शोधला. कापडात तो थोडासाच असतो, पण ताणल्यावर कापड परत जागेवर येतं ते त्याच्यामुळं.

आपल्या वावरात कापूस पिकतो, पण त्याची होजिअरी बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून नाहीतर पंजाबातल्या लुधियान्याहून परत येते. नागपूरच्या गांधीबागेत किंवा अमरावतीच्या ठोक बाजारात गेलात तर दुकानदाराची भाषा माहीत हवी. सिंकर म्हणजे टी-शर्टचं साधं, पातळ कापड. रिब म्हणजे उभ्या रेघांचं, आडव्यात भरपूर ताणणारं, गळ्याला आणि मनगटाला लावतात ते. इंटरलॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, जरा जाड. लूप निट म्हणजे आतून बारीक फंदे असलेलं, लोअरचं. फोर-वे लायक्रा म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडं ताणणारं. एक घोटाळा इथंच मिटवून टाका. आपल्याकडं 'इंटरलॉक करून द्या' म्हटलं की काठ गुंडाळून घ्यायचे असतात, आणि ते ज्या मशीनवर होतं तिचं खरं नाव ओव्हरलॉक. इंटरलॉक कापड आणि इंटरलॉक मशीन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहिल्यांदा शिवत असाल तर सिंकर घेऊ नका. कापलेला काठ गोल गोल वळत जातो आणि नवीन माणूस तिथंच कंटाळतो. इंटरलॉक कापड घ्या, ते वळत नाही, घसरतही नाही. त्याचं बाळाचं झबलं नाहीतर लेकराची चड्डी शिवा.

कापड किती ताणतं ते मोजायला टेप पुरतो. आडव्यात १० सेंटीमीटरवर दोन खुणा करा, कापड दुमडून सहज ताणेल तितकं टेपवर ताणा. खूण १२.५ वर गेली तर ताण २५ टक्के, १५ वर गेली तर ५० टक्के. मग सोडा आणि परत मोजा. १० वर आलं तर कापड चांगलं. १०.५ वरच राहिलं तर त्याची लेगिंग शिवू नका, गुडघ्यावर दोन दिवसांत पोतं होईल.

होजिअरी किलोवर मिळते, म्हणून जाडीही कळायला हवी. जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. दुकानदाराच्या शब्दावर राहायची गरज नाही. १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन कापा, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि आलेल्या ग्रॅमला १०० नं गुणा. १.८ ग्रॅम भरला तर कापड १८० जीएसएमचं. टी-शर्टला १६० ते २०० चांगलं, लोअरला २२० च्या पुढं. १८० जीएसएमचं कापड ३६ इंची नळीत असेल, म्हणजे उघडल्यावर ७२ इंच पन्हा, तर १ किलोत साधारण ३ मीटर येतं. मोठ्या माणसाचे ४ टी-शर्ट त्यात बसतात, गळ्याच्या पट्ट्या त्याच तुकड्यांतून निघतात.

भिजवणं आणि कापणं

सुती होजिअरी न भिजवता कापू नका. उभ्यात मीटरमागे ५ सेंटीमीटर आटणं ही रोजची गोष्ट आहे. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, सकाळी पिळा न मारता दाबून पाणी काढा आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवा. तारेवर टाकलं तर स्वतःच्या ओल्या वजनानं लांबतं. आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर मुळीच टाकू नका. चंद्रपूर-नागपूरकडं पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात रंगही उडतो आणि लायक्राचा जीवही जातो.

गुंडाळीतून काढलेलं कापडही ताणलेलं असतं. कापायच्या आदल्या रात्री सतरंजीवर मोकळं पसरून ठेवा. कापताना टेबलावरून किंवा पाटावरून कापड खाली लोंबू देऊ नका. लोंबलेला भाग ताणलेला असतो आणि तो कापला की एक बाजू आखूड येते. मी जमिनीवरच कापते. कागदी नमुन्यावर टाचण्यांऐवजी धुतलेले गुळगुळीत दगड ठेवते, आणि ज्या कैचीनं कागद कापले ती कैची होजिअरीला लावत नाही. बोथट कैची हे कापड चावते, कापत नाही.

कापड सर्वांत जास्त जिकडं ताणतं ती दिशा अंगाभोवती यायला हवी, छातीभोवती, मांडीभोवती. उलटं कापलंत तर कपडा अंगात शिरत नाही आणि खाली मात्र लोंबत राहतो. नमुना नसेल तर अंगाला नीट बसणारा जुना टी-शर्ट कागदावर ठेवून त्याची कडा उतरवून घ्या आणि शिवणीला सगळीकडून १ सेंटीमीटर द्या. ब्लाऊजला ठेवतो तशी दीड-दोन इंच माया इथं ठेवायची नाही. होजिअरी नंतर उसवून ढिली करत नाहीत, ती स्वतःच ताणते.

सुई आणि दोरा

टाके सुटण्याची दहापैकी आठ कारणं मला सुईतच सापडली आहेत. साध्या सुईचं टोक अणकुचीदार असतं, ते सूत भोसकून जातं. होजिअरीत एक फंदा तुटला की धुतल्यावर तिथून बारीक भोक पडतं आणि शिडीसारखं वर सरकत जातं. बॉल पॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ते सुताला बाजूला सारून फटीतून जातं. स्ट्रेच सुईत आणखी एक सोय आहे. ताणलेलं कापड सुईबरोबर वर उचललं जातं, त्यामुळं दोऱ्याचा फंदा खाली तयारच होत नाही आणि शटलचं, म्हणजे खालचा दोरा गुंतवणाऱ्या आकड्याचं, टोक रिकामं फिरतं. टाका सुटतो तो असा. स्ट्रेच सुईच्या नाकाजवळची खाच आणि नाकाची घडण अशी असते की फंदा शटलच्या टोकाजवळच बनतो.

म्हणून सिंकर, रिब, इंटरलॉकला बॉल पॉइंट, आणि ज्यात लायक्रा आहे त्याला स्ट्रेच सुई. पातळ कापडाला ११ नंबर, लोअरच्या कापडाला १४ नंबर. घरगुती मशीनच्या सुईच्या पाकिटावर 'एचए × १' लिहिलेलं असतं, ऑर्गन कंपनीच्या स्ट्रेच सुईवर त्यापुढं 'एसपी' येतं. तालुक्याच्या दुकानात नुसती 'होजिअरीची सुई' मागितली तर कधी कधी कारखान्याच्या मशीनची सुई हातात येते. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, कारखान्याची सुई पूर्ण गोल. जुनी सुई कागदात गुंडाळून सोबत न्या आणि दांडा जुळवूनच घ्या. बसवताना सपाट बाजू आधी जिकडं होती तिकडंच ठेवा.

दोरा पॉलिएस्टरचाच, वरही आणि बॉबिनमध्येही. वर पॉलिएस्टर आणि खाली जुनं सुती रीळ संपवायचं, असं करू नका. शिवण ताणली की खालचा दोरा तुटतो आणि वरून पाहणाऱ्याला काही समजत नाही.

काळ्या पाय मशीनवर काय होतं

हे मशीन एकच सरळ टीप मारतं, आणि सरळ टिपेत शिवणीच्या लांबीच्या साधारण अडीच पटच दोरा असतो. चार दोऱ्यांच्या इंटरलॉकमध्ये तोच १४ पटीच्या वर जातो. तो जास्तीचा दोरा ताणाच्या वेळी कामी येतो. सरळ टिपेत तो कुठून आणायचा, इतकाच प्रश्न आहे.

टाका बारीक करा, इंचाला १२ च्या आसपास. टाके जितके जास्त तितका दोरा जास्त. वरच्या दोऱ्याचं टेन्शन अर्धा फेरा ढिलं करा. बॉबिन केसचा स्क्रू चुटकीभरच, पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि आधी कुठं होता त्याची पेननं खूण करून ठेवा. मशीनच्या डोक्यावर, फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) दांडीवर जो गोल स्क्रू असतो तो दोन-तीन फेरे उघडा, म्हणजे कापडावरचा दाब कमी होतो. हा स्क्रू वर्षानुवर्षं कुणी फिरवलेलाच नसतो. होजिअरी लाटेसारखी का येते, असं बाया मला विचारतात, तेव्हा मी आधी त्यालाच हात लावते.

आता शिवताना एक हात पुढं, एक मागं. दोन्ही हातांनी कापड अगदी थोडं, सारखं ताणून धरा, आणि सरकवायचं काम दात्यांनाच करू द्या. फक्त मागून ओढलंत तर सुई वाकते आणि खालच्या भोकाच्या पाटीला लागून मोडते. पहिल्या टिपेला लागून ३ मिलिमीटरवर दुसरी टीप मारा. कापड पाटीच्या भोकात ओढलं जात असेल तर खाली बटर पेपरची पट्टी घालून शिवा, नंतर ती फाडून काढता येते. वर्तमानपत्र नको, पांढऱ्या कापडाला शाई लागते.

आणखी एक युक्ती मोठ्या शहरातल्या दोऱ्याच्या दुकानातून आणावी लागते. वूली नायलॉन नावाचा फुगीर, मऊ दोरा येतो, तो स्वतःच ताणतो. तो फक्त बॉबिनमध्ये भरायचा, तोही मशीनवर न फिरवता हातानं, सैल. वर साधा पॉलिएस्टर. सरळ टिपेचा ताण यानं चांगलाच वाढतो.

इतकं करून झबली, टोपडी, सैल टी-शर्ट, नाइट पँट हे सगळं या मशीनवर टिकतं. लेगिंग आणि कबड्डीच्या चड्डीचं आसन टिकत नाही. गिऱ्हाइकाकडून त्यासाठी पैसे घेऊ नका.

गावातलं पिको मशीन

साडीला फॉल-पिको करणारं मशीन आता बहुतेक मोठ्या गावांत कुणाकडं तरी असतंच. पिको म्हणजे काय, तर अगदी दाट केलेली झिगझॅग टीप. आणि झिगझॅग ही ताणणारी टीप आहे, कारण वाकडा दोरा ताणल्यावर सरळ होतो आणि तितकी लांबी देतो. म्हणजे ज्या टिपेसाठी लोक नवं मशीन शोधत फिरतात ती चार घरं सोडून पलीकडं आहे.

पिको करताना टाक्याची लांबी जवळजवळ शून्यावर आणि रुंदी जास्त ठेवलेली असते. होजिअरीला उलट करायचं. लांबी २.५ मिलिमीटर, रुंदी १ मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी. दुरून ही टीप सरळच वाटते. सुई बदलून बॉल पॉइंट नाहीतर स्ट्रेच घाला. झिगझॅग मशीनच्या पाटीचं भोक लांबट असतं, त्यात पातळ कापड आणि दोऱ्याची टोकं ओढली जातात, म्हणून सुरुवातीचे चार-पाच टाके दोन्ही दोरे मागं धरूनच मारा.

त्या १२ चड्ड्या मी अशाच परत शिवल्या. पिकोवाल्या ताईला एका दिवसाचं भाडं दिलं, जुनी टीप उसवली, आसनाला दोन झिगझॅग टिपा मारल्या आणि आसनात कळी घातली. कळी आपल्या जुन्या पायजम्याला असायची तीच, ३ इंचाचा चौकोन तिरपा बसवायचा. चारही शिवणी जिथं एका ठिकाणी येतात तिथंच सगळा ताण येतो. कळी तो ताण चार बाजूंना वाटून टाकते. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरा-पोरींच्या लोअरला मी आता न विचारताच कळी घालते.

टी-शर्ट, क्रमानं

आधी दोन्ही खांदे जोडा. खांद्याची शिवण ताणली जाऊ द्यायची नाही, नाहीतर धुतल्यागणिक खांदा खाली उतरतो. त्यात त्याच कापडाची उभ्यात कापलेली अर्ध्या इंचाची पट्टी किंवा पातळ सुती नाडी घालून शिवा. कपड्यात ही एकच जागा अशी आहे जिथं ताण नको असतो.

मग गळा. इथं घाई केली तर सगळा कपडा वाया गेल्यासारखा दिसतो, म्हणून सावकाश. गळ्याचा घेर शिवणीच्या रेघेवर टेप उभा धरून मोजा. समजा २० इंच आला. पट्टी रिबची असेल तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १६ इंच. अंगाच्याच सिंकरची असेल तर ८५ टक्के, १७ इंच. त्यात जोडाचा १ इंच मिळवा. पट्टीची रुंदी २ इंच ठेवली तर दुमडून, शिवण जाऊन पाऊण इंचाच्या आत दिसते. पट्टी आडव्या ताणात कापा, टोकं जोडून गोल करा, उभी दुमडा. आता पट्टीचे चार सारखे भाग करून खडूनं खुणा करा आणि गळ्याचेही चार करा. गळ्याचे चार भाग म्हणजे मागचा मध्य, पुढचा मध्य आणि दोन खांदे, असं नसतं. पुढचा गळा खोल असतो म्हणून खांद्याची शिवण मधोमध येत नाही. पुढचा आणि मागचा मध्य एकमेकांवर ठेवून बाजूच्या खुणा काढा, त्या खांद्याच्या थोड्या पुढं येतील. खुणेला खूण टाचा, पट्टी वर ठेवा आणि पट्टीच तेवढी ताणत शिवा. अंगाचा गळा ताणू नका. पट्टी उभी राहून गळ्यापासून लांब दिसली तर ती लांब झाली आहे. गळ्याभोवती सुरकुत्या पडल्या तर आखूड.

बाही मुंढ्यात उघडीच बसवा, आणि मग बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत एकाच टिपेत बाजू बंद करा. ब्लाऊजसारखी गोल बाही बसवण्याची गरज होजिअरीला नाही.

खालची दुमड मात्र शिवणीइतकीच ताणायला हवी. झिगझॅग मशीन असेल तर जुळी सुई घालता येते. एका दांड्यावर दोन सुया, वरून दोन समांतर टिपा दिसतात आणि खालून एकच बॉबिन दोरा वाकडातिकडा जातो, म्हणून ती ताणते. जुळी सुई घातली की टीप सरळवर ठेवा. झिगझॅगवर चुकून राहिली तर सुई पाटीवर आपटून मोडते, आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चाक आधी हातानं फिरवून पाहा. काळ्या मशीनच्या पाटीला एकच बारीक भोक असतं, तिथं जुळी सुई चालत नाही.

लोअरच्या कमरेला इलास्टिक कमरेच्या मापापेक्षा २ ते ३ इंच कमी. नेफ्यात नुसतं ओवलं तर ते पिळतं, म्हणून ओवून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणीवर एकेक उभी टीप मारून जागेवर बसवा. इलास्टिकचा साठा टिनाच्या छपराखाली ठेवू नका. एका उन्हाळ्यात रबर वाळून कुरकुरीत होतं. मी ते धान्याच्या खोलीत, स्टीलच्या डब्यात ठेवते.

बिघडतं तेव्हा

टाके सुटले तर सुई बदला, नवी असली तरी. मग दाब, मग टेन्शन. हाच क्रम ठेवा, आधी टेन्शनला हात लावला की माणूस दिवसभर तेच फिरवत बसतो. शिवण लाटेसारखी झाली असेल तर फूटचा दाब जास्त आहे किंवा हातानं ओढलं गेलं आहे. उसवायच्या आधी ओला रुमाल ठेवून मध्यम इस्त्री वरून नुसती टेकवा आणि उचला, सरकवू नका. बऱ्याच लाटा तिथंच बसतात. जुळ्या सुईच्या दोन टिपांमध्ये कापड नळीसारखं उभं राहिलं तर वरचं टेन्शन कमी करा. शिवणीजवळ बारीक भोकं दिसली तर सुई जाड आहे किंवा टोक बिघडलं आहे. नखावर टोक फिरवून पाहा, ओरखडा उठला तर फेका.

प्रत्येक कपड्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर ६ इंचाची टीप मारून ती जोरात ओढायची, ही सवय लावून घ्या. तुटायची असेल तर तुकड्यावर तुटू दे.

मशीन कोणतं घ्यावं

माझ्याकडं बाया येतात आणि एकदम विचारतात, "ताई, कोणतं मशीन घेऊ जी?" मी आधी विचारते, घरच्यांसाठी की गिऱ्हाइकांसाठी? आणि काळं मशीन घरी आहे का?

घरच्यांपुरतंच शिवायचं असेल आणि काहीच मशीन नसेल तर घरगुती झिगझॅग मशीन घ्या, आपल्याकडं ज्याला ऑटोमॅटिक म्हणतात ते. उषा जानोमे, सिंगर, ब्रदर यांची मिळतात. टाक्यांची संख्या पाहून भुलू नका. सरळ टीप, रुंदी-लांबी दोन्ही बदलता येणारी झिगझॅग, तीन टाक्यांची झिगझॅग आणि विजेच्या आकाराची स्ट्रेच टीप, इतकं असलं की होजिअरीचं काम होतं. फुलापानांचे टाके बहुतेकींनी पहिल्या आठवड्यानंतर वापरलेले मी पाहिले नाहीत. फूटचा दाब कमी-जास्त करता येतो का, हे मात्र नक्की विचारा, बऱ्याच स्वस्त मॉडेलना ती सोय नसते. ही मशीनं १०० वॉटच्या आत चालतात, म्हणून लाईन गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर जमतं. रोज आठ तास गणवेश शिवायला ती बनलेली नाहीत.

काळं मशीन घरी असेल आणि गिऱ्हाइकाचं काम करायचं असेल, तर दुसरं मशीन म्हणून ऑटोमॅटिक घेऊ नका, इंटरलॉक घ्या. हे माझं ठाम मत आहे. इंटरलॉक एकाच फेरीत शिवते, काठ कापते आणि गुंडाळते, आणि होजिअरीच्या पलीकडं गावातल्या प्रत्येक पंजाबी ड्रेसलाही ते लागतं. मशीनचे पैसे फिटतात ते त्या रोजच्या कामातून.

त्यात दोन वाटा आहेत. तीन दोऱ्यांचं छोटं, मिनी इंटरलॉक स्वस्त पडतं आणि पायडलवर किंवा लहान मोटरवर चालतं. पण त्यात एकच सुई असते, आणि ताणाच्या जागी शिवण उकलल्यासारखी दिसते. म्हणून आधी काळ्या मशीनवर बारीक टीप आणि मग काठ, असं दुहेरी काम करावं लागतं. चार दोऱ्यांच्या मशीनला दोन सुया असतात, दुसरी सुई शिवण पक्की धरते, आणि टी-शर्ट, लोअर, लेगिंग थेट त्यावर होतं. पैसे जमवायला सहा महिने जास्त लागले तरी मी चार दोऱ्यांचंच सांगेन.

डिफरन्शियल फीडही विचारा. म्हणजे दात्यांचे दोन संच, पुढचे आणि मागचे, आणि त्यांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो. पुढचे दाते जलद केले की कापड किंचित गोळा होत शिवलं जातं आणि लाट येत नाही. होजिअरीला १.३ ते १.५ च्या आसपास ठेवतात, साध्या कापडाला १. मिनी मशीनमध्ये ही सोय सहसा नसते.

कारखान्यात वापरतात ती ज्युकी, जॅक यांची मोठी मशीनंही आता बचत गटाच्या बाया घेतात. वेग प्रचंड, शिवण सुरेख. मोटर सर्व्हो आहे का पाहा. जुनी क्लच मोटर पाय काढल्यावरही फिरत राहते आणि बिल वाढवत राहते, सर्व्हो टीप मारतानाच ओढते. ज्या गावात लाईन दिवसातून चारदा जाते तिथं मात्र काळं पाय मशीन विकू नका. गिऱ्हाईक दारात बसलेलं असताना तेच कामी येतं.

फ्लॅटलॉक, म्हणजे टी-शर्टच्या खालच्या दुमडीवर दोन टिपा आणि आतून जाळी मारणारं मशीन, सगळ्यांत शेवटी. महिन्याला शंभर-दीडशे टी-शर्ट नक्की मिळत असतील तरच. तोवर दुमडी झिगझॅग मशीनवर जुळ्या सुईनं करा, नाहीतर तालुक्याला ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून नगावर मारून आणा.

मशीन पाहायला जाल तेव्हा दुकानदाराचं कापड वापरू नका. तो कडक पॉपलीनवर टीप दाखवतो, त्यावर प्रत्येक मशीन छान चालतं. तुमच्या पिशवीत सिंकरचा, रिबचा आणि लायक्राचा एकेक तुकडा घेऊन जा, स्वतःच्या हातानं शिवा, दोन्हीकडून ओढा. दोन पदर शिवा, मग जिथं दोन शिवणी येऊन भेटतात तशा चार पदरांवरून मशीन न्या, टाका तिथंच सुटतो. इंटरलॉक असेल तर चारही दोरे स्वतः ओवून पाहा, त्यानं ओवलेल्या मशीनवर शिवून परत येऊ नका. घरी गेल्यावर दोरा तुटला की ते तुम्हालाच करायचं आहे. जुनं मशीन असेल तर चाक हातानं फिरवा, खडखड किंवा मध्येच जड लागलं तर सोडून द्या. चाकूची धार एका ओल्या तुकड्यावर पाहा. आणि विचारा, बिघडलं तर मेकॅनिक आमच्या गावाला येतो का, की डोकं काढून एसटीत घालून आम्हीच आणायचं? चार दोऱ्यांच्या मशीनचं टायमिंग, म्हणजे सुया आणि खालचे आकडे यांचा मेळ, बिघडलं तर ते गावातल्या सायकलवाल्याला लावता येत नाही, म्हणून किंमतीत पाचशे-हजारानं महाग पडलं तरी ज्या दुकानाचा मेकॅनिक तुमच्या तालुक्यात राहतो तिथूनच घ्या.